उत्तरेची कमान

११ ऑक्टोबर १९०७
हिम! ऑक्टोबरातच! सकाळी फळ्यांवर पांढरा थर.

लॅथबरीसाहेब सायकलवरून आले. घड्याळाच्या मनोऱ्याचा आराखडा त्यांचा — चार दगडी पाय, चार कमानी, वर घड्याळ. आल्या आल्या प्रवचन. "सिमेंटचा कण नको, विन्टल. लोखंड नको. छिन्नीचे व्रणसुद्धा घासू नका. दगड, चुना आणि माणसाचा हात. बाकी सगळी लबाडी!" दुसरा कोणी बोलला असता तर हसलो असतो. पण माझंही मत तेच. तीस वर्षं गवंडीकाम त्याच मतावर केलं.

१७ ऑक्टोबर
उत्तरेच्या कमानीत, दोन दगडांमधल्या दरजेत, नख रुतलं. तीन आठवडे झाले, आणि चुना अजून लोण्यासारखा! बाकीच्या तिन्ही कमानींचा चुना घट्ट धरला. हिला ऊनच नाही.

ही जेबेझने बांधली. माझा धाकटा भाऊ. आणि आमची रीत अशी, की कमानीखालचा लाकडी साचा काढताना बांधणाऱ्यानेच खाली उभं राहायचं.

साहेबांना म्हटलं, वसंतापर्यंत साचा राहू द्या. "मनोऱ्याचे पैसे लेडी क्वेनेलचे, आणि उद्घाटनाला त्यांनी नऊ नोव्हेंबर ठरवली आहे. त्यांच्या यजमानांना जाऊन वर्ष होतं त्या दिवशी." झालं!

मग जेबेझला म्हटलं, तू तरी उभा राहू नकोस. भडकलाच. "म्हणजे गावभर बोभाटा? विन्टलांचा धाकटा घाबरला म्हणून? नखं काप तुझी, एनॉक, आणि गप्प बस!"

२० ऑक्टोबर, रविवार
सगळे प्रार्थनेला गेले. मी बायकोला सांगितलं, बरं वाटत नाही. खोटं नव्हतं.

उत्तरेच्या दरजा चार इंच खोल खरवडल्या. आत सिमेंट ठासलं, ते थंडीतही धरतं; वरून बोटभर चुना. पोती पांघरली. मी! सिमेंट भरणारा मी!

२७ ऑक्टोबर, रविवार
दुसरी बाजूही भरली.

६ नोव्हेंबर
साचा काढला.

जेबेझ खाली उभा. हातात पाव नि कांदा, चावतोय मजेत! मी साच्याखालच्या पाचरी ठोकून काढत होतो. दोन घाव चुकले. शेवटची पाचर निघाली. कमान केसभर खाली बसली... आणि राहिली.

साहेबांनी टोपी काढली. जेबेझने मला मिठीच मारली. "बघितलंस? नावं ठेवत होतास माझ्या चुन्याला!" त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता. हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

९ नोव्हेंबर
घड्याळ वाजलं. तांब्याची तबकडी, वर ओक लाकडाचं टोपीसारखं छप्पर, सगळं देखणं. मान वर करून बघवेना.

१४ नोव्हेंबर
आज साहेब आनंदात. "तुमच्या भावाने सिद्ध केलं, विन्टल! भर थंडीत निव्वळ चुना!" अपर स्लेडला शाळा बांधायची आहे. आठ कमानी. नाताळाच्या आत. मुकादम जेबेझ.

आठ कमानी! प्रत्येकीखाली तो उभा राहणार. मग रोज पोरं. आणि हे सगळं माझ्या दोन रविवारांच्या भरवशावर! साहेबांना सांगितलं तर माझं नाव गेलं. ते जाऊ दे. जेबेझला कसं सांगू? त्याचं तर तेवढंच एक यश.

१५ नोव्हेंबर
जेबेझला सांगितलं. मनोऱ्याखालीच. सगळं.

तो ऐकत पाइप भरत राहिला. मग म्हणाला, "ठाऊक आहे. घमेलं धुवायला विसरला होतास. कडेला सिमेंटचा राखाडी थर."

"ठाऊक होतं? मग शाळेचं काम कशाला घेतलंस, मूर्खा?"

"का? तिथेही येशीलच की तू रविवारी."

त्याच पावली, सगळं सांगून टाकायला, लॅथबरीसाहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो.