लाल गिटारचं बटण

प्रिय राली,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "जेवलीस का आजी, गोळी घेतलीस का" एवढं विचारतेस आणि तुझ्या बेकरीत गिऱ्हाईक येतं. म्हणून वही घेऊन बसले. अक्षर वाकडं आहे. चौथीतून उठवून तंबाखूची पानं ओवायला बसवलेल्या बाईचं ते तसंच असणार. लायप्झिगात ते वाचायला दुसरं कुणी नाही, तेव्हा हसून घे.

बातमी अशी की तुझी लाल गिटार वाजते.

ईस्टरला तू आलीस, आवाजाचं बटण फिरवलंस, तर नुसती खरखर, आणि मग तीही बंद. ऑगस्टात फोनवर म्हणालीस, "ती मेली आजी. क्रुम कधीतरी येईल, त्याला देऊन टाक, सुटे भाग तरी लागतील त्याला." तुमच्या बँडमधला तो उंच, सदा भुकेला क्रुम. मी बरं म्हटलं. पण फोन ठेवल्यावर मनात आलं, मेली म्हणजे काय मेली? एकवीस वर्षं मी कारखान्यात डाख दिले. तार आणि पत्रा असलेलं काहीही मेलंय असं मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नाही.

मागचं झाकण चार स्क्रूंचं. आत पाहते तर आपल्या ओळखीचाच पॉट, पोटेन्शिओमीटर. बटणाखाली असतो तो, आत काळा पट्टा आणि त्यावर फिरणारी जीभ. पट्टा झिजून पांढरा पडलेला. आधी कापसाला रकिया लावून पुसला. तुझ्या आजोबांनी घरी गाळलेल्या दारूची शेवटची बाटली, त्यांच्या हातचं काही वाया जात नाही. दोन दिवस बरा चालला, मग पुन्हा खरखर.

तेव्हा तळघरातून बरणी काढली. तुला ती मिरच्यांची वाटायची. आम्ही बायका कारखान्यातून सुटलो की प्रत्येकीच्या खिशात काहीतरी असायचंच. त्याला चोरी म्हणत नसू, कारखाना तुमचाच आहे असं फाटकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. माझ्या बरणीत पॉट. आमच्या बाकावर मोजमापाची यंत्रं व्हायची. तिथे चांगला पॉट म्हणजे सरळ चढणारा, पाव फिरवला की पाव, अर्धा फिरवला की अर्धा. जरा वाकडा चढला की मुकादमीण माझ्यासमोर टोपलीत फेकायची. मी मीटर लावून सतरा पॉट तपासले आणि त्यातला सगळ्यात सरळ निवडला. दांडा जाड होता, म्हणून गोल कानशीने गिटारचं भोक जरा वाढवलं. पुढून काही दिसत नाही, बटणाखाली झाकतं.

शेजारची नेदा कुंपणावरून बघत होती. "दोब्रिंके, म्हातारपणी बँड काढतेस की काय?"

"काढते की. तू ढोल बडवशील ना? नवऱ्याला बडवायचीस तसा."

ती इतकी हसली की दातांची कवळी सांभाळावी लागली.

पॉटच्या पाठीवर अर्थिंगची तार बसवणं कठीण, हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. पत्रा गुळगुळीत असतो, डाख धरत नाही. आधी घासायचा, मग डाख द्यायचं आयर्न चांगलं तापवून एकदाच टेकवायचं आणि उचलायचं. रेंगाळलीस तर आतला पट्टा करपतो. माझा हात थरथरतो ना, सूप सांडते ना मी? आयर्न हातात घेतलं आणि हात दगडासारखा स्थिर. मला एवढा आनंद झाला की अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीला तार जोडायच्या आधी मी कॉफी करून प्यायले.

आणि मग फजिती. बटण नखभर फिरवलं तर गिटार अशी कोकलली की मांजर चुलीमागे. त्यापुढे कितीही फिरवा, काही फरक नाही. तीनदा डाख उसवले, तीनदा दिले. शेवटी मंगळवारच्या बसने सेव्हलिएव्होला गेले, गिटार रजईच्या अभ्र्यात गुंडाळून. गिटारच्या तारा विकतो तो बोझिदार आहे ना, त्याने आत बघितलं आणि विचारलं, "हे डाख कुणी दिले?"

"का? वाईट आहेत?"

"माझे असे येत नाहीत, म्हणून विचारतो."

मग म्हणाला, "आजी, पॉट चांगला आहे. माणसाचा कान वाईट आहे. त्याला सुरुवातीला थोडंसं दिलं तरी पुष्कळ वाटतं, आणि पुढे दुप्पट दिलं तरी म्हणतो, एवढंच? गिटारला असा पॉट लागतो जो आधी थेंब थेंब देतो आणि शेवटी बदाबदा." तुझ्या गिटारच्या तारांखाली आवाज टिपणाऱ्या ज्या पट्ट्या आहेत त्या दुहेरी वेटोळ्याच्या, म्हणून पाचशे किलोओमचा दिला. एकेरी असत्या तर अडीचशेचा दिला असता. दुहेरीला अडीचशेचा लावला तर आवाज पडसं झाल्यासारखा येतो म्हणे. म्हणजे बघ, एकवीस वर्षं जो माल टोपलीत फेकला, तोच पैसे देऊन घरी आणला.

तो बसवला आणि बटण हळूहळू फिरवलं. आधी वाटलं नेदाच्या घरात रेडिओ लागलाय. मग वाटलं कुणीतरी तो आपल्या अंगणात आणलाय. मग खोलीत. नेदाला बोलवायला खिडकीशी गेलेसुद्धा. विसरलेच होते, तिला आदल्या रविवारीच मुलगा वार्नाला घेऊन गेला, कायमचं. कोंबड्या मला दिल्या. आता आपल्या गल्लीत माझंच धुराडं. मिरच्या भाजल्या यंदा, पण अर्ध्याच. ल्युतेनित्साच्या चार बरण्या झाल्या. कुणासाठी करायच्या जास्त?

वाजवता मला येत नाही. जाडी तार छेडते आणि बटण फिरवते, एवढंच. रोज कॉफीनंतर. कोंबड्या दारात येऊन उभ्या राहतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. काल शनिवारी क्रुम आला. मी त्याला चीज भरलेली बानित्सा वाढली, अर्धं ताट एकटा जेवला, आणि मग म्हणाला, "आजी, ती गिटार?" आणि मी, राली, तुझ्या मित्राच्या तोंडावर सांगितलं की भंगारवाल्याला दिली. गिटार आतल्या खोलीत रजईखाली होती. बिचारा म्हणाला, "असू दे आजी, तुम्हाला काय ठाऊक." मला सगळं ठाऊक होतं. तो आज ना उद्या तुला फोन करील, आणि आजीचं डोकं चालत नाही असं तुला वाटेल, म्हणून हे पत्र. त्याला मी बोझिदारकडून दुसरी काहीतरी जुनी मिळवून देईन, शब्द दिला. ही मात्र मला राहू दे. तू वाजवायला आलीस तर तुझीच आहे, नाही आलीस तरी तुझीच. लांबलचक उत्तर नको, तुला वेळ नसतो. कार्डावर नुसतं "ठेव" लिही.

तुझीच, खोटं बोललेली,
आजी दोब्रिंका