एक चौकोन जास्त

१७ मार्च २०२५, सोमवार. पुणे.

१. ९.५० – मीटिंगचं निमंत्रण. विषय: 'थोडं बोलूया'.
२. १०.०० – पडद्यावर मॅनेजर आणि एचआरची एक बाई. बाईचं नाव आजच कळलं.
३. १०.०६ – मीटिंग संपली. 'तुझ्या कामात काही कमी नव्हतं' असं दोनदा म्हणाले.
४. १०.११ – लॅपटॉप बंद पडला. अर्धं टाइप केलेलं वाक्य आतच राहिलं.
५. १०.२० – सहकाऱ्यांच्या ग्रुपमधून मी बाहेर. चार वर्षं दोन महिने होते.
६. जेवले. भेंडी होती.

३० मार्च, रविवार. सोलापूर.

पाडवा. आईने गुढी उभारली, मी काठी धरली. मावशी आल्या होत्या. 'धनलक्ष्मी इतके दिवस कशी काय राहिली?' आई म्हणाली, 'वर्क फ्रॉम होम आहे तिचं.' माझ्याकडे बघितलंही नाही. आईला खरं मी परवाच सांगितलं होतं. तिने फक्त विचारलं, 'कोणाकोणाला माहीत आहे?'
कोणालाच नाही, म्हटलं.
'मग राहू दे तसंच.'
मलाही तेच हवं होतं.

१२ एप्रिल, शनिवार

पहिलं ॲप सोडलं. 'पाणी कधी'. आपल्या भागात नळाला पुढचं पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता येईल याचा अंदाज. गल्लीगल्लीतून लोकांनी वेळा नोंदवायच्या, हिशेब ॲप करणार. उभं करायला अकरा दिवस लागले. स्वतःचं काम, स्वतःच्या नावाने. बटण दाबण्याआधी नाव दोनदा तपासलं, हे नोंदवून ठेवते.

१९ एप्रिल

४१ जणांनी घेतलं. एकच प्रतिक्रिया, एक तारा: 'पाणी आलं नाही.'

२७ एप्रिल, रविवार

उन्हाने पत्रा तापलाय. दुपारी मागच्या गल्लीतले सिद्धलिंगप्पा काका आले. बाबांचे मित्र. मोबाइलवर अक्षर मोठं करून हवं होतं. करून दिलं. मग त्यांच्या घरी चहा.

काका चादरींचे ग्राफ काढतात. वय अडुसष्ट. चौकोनी कागदावर एकेक चौकोन रंगवायचा. एक रंगलेला चौकोन म्हणजे मागावर उचलला जाणारा एक धागा. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, ती कार्डं मागावर चढतात. मोर, कमळ, रथ, सगळं त्या भोकांतून येतं. आता बरेच कारखानदार बाहेरून संगणकावर काढून आणतात. छोट्या मागवाल्यांना ते परवडत नाही, ते काकांकडे येतात. काका घरी बसून काढतात, एकच नमुना चार जणांना देतात. नमुना त्यांचा.

लोखंडी कपाटात ३१२ ग्राफ. खालच्या दोन कप्प्यांना वाळवी.

'चाळीस वर्सं हायत त्यात,' म्हणाले. 'आता ती खात्यात.'

घरी येऊन झोपले नाही. कागदाचा फोटो घेतला की चौकोन ओळखून थेट कार्डाचा आराखडा देणारा प्रोग्राम. फुकट. असा कोणाकडेच नाही. तपासलं.

१४ मे, बुधवार

रोज वीस ग्राफ. काका कागद पसरतात, मी फोटो घेते. ते मध्येच माझ्या लॅपटॉपकडे बोट करून विचारतात, 'हे डब्यात गेलं व्हय?' गेलं म्हटलं की पुढचा कागद. काम नीट करतात. कडा सरळ धरतात, सावली पडू देत नाहीत. कंपनीत असा एक माणूस मिळाला नव्हता.

आज विचारलं त्यांनी, 'कंपनीला सुट्टी किती दिसांची?' काय झालं कोण जाणे, सांगून टाकलं. काढून टाकलं म्हणून. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच.
काकांनी पुढचा कागद उचलला. मग म्हणाले, 'आयतु. झालं ते झालं. धर हा कागद.'

बरं वाटलं.

२ जून

अडचण: कागदांवर तेलाचे, शाईचे, चहाचे डाग. प्रोग्रामला डागही रंगवलेला चौकोन वाटतो. नियम लिहिला: ज्या चौकोनाच्या आठही बाजूंना एकही रंगवलेला चौकोन नाही, तो डाग. पुसून टाकायचा. सहा ओळींचा कोड. ३१२ ग्राफ चार मिनिटांत स्वच्छ! नक्षीत असा एकटा चौकोन असण्याचं कारणच नाही.

मूळ फोटोंनी फुकटची साठवण भरली होती. काढून टाकले.

९ जून, सोमवार

काकांना पडद्यावर सगळे ग्राफ दाखवले. डोळे लहान करून बघत होते. 'लई झ्याक.'
कागदांचं काय करू म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हटलं, 'ठेवायची गरज नाही काका, सगळं आत आहे.'
संध्याकाळी रद्दीवाला येऊन नेऊन गेला. जागा मोकळी झाली म्हणून काकू खूश.

२१ जून, शनिवार

'वीण', आवृत्ती १.० सोडली. सोबत नमुने म्हणून ३१२ ग्राफ, कोणीही वापरावेत.

काकांना आधी विचारलं होतं. 'टाक की. आपल्या मागवाल्यांना हुतंय तर.' मग दारात थांबून: 'माजं नाव येतं का त्यात?'
पुढच्या आवृत्तीत टाकू म्हटलं.

वर्णनात 'पारंपरिक सोलापुरी नमुने' लिहिलंय. तसं लिहिलं की लोक पटकन घेतात.

२९ जून

२,९४० जणांनी घेतलं. झोप लागत नाही, आणि लागावी असंही वाटत नाही. बंगळुरूच्या एका माणसाने कोड वाचून लिहिलंय: 'डाग काढण्याचा भाग विशेष सुंदर.' तीनदा वाचलं. ज्या मॅनेजरने सहा मिनिटांत संपवलं, त्यानेही 'अभिनंदन' टाकलंय. उत्तर दिलं नाही.

८ जुलै, मंगळवार

अमरेश यांचा फोन. चादरींच्या कारखान्याचे मालक चनबसप्पा शेठ गेल्यावर कारखाना हेच बघतात. काकांचे सगळ्यात मोठे, जुने गिऱ्हाईक. गोड आवाज. 'मॅडम, तुमच्या वीणवरून सगळी कार्डं नव्याने पाडून घेतली बघा. जुनी भंगारात. आमच्या सिद्धलिंगप्पांना जे चार महिने लागायचे, ते आठ दिवसांत!' मग हसले. 'म्हातारा आता आराम करेल की.'

मीही हसले. तेही लिहून ठेवते.

२४ जुलै, गुरुवार

सकाळी साडेसातला काका दारात. पायात चप्पल नाही. आई म्हणाली, 'बसा की भावजी, चहा टाकते.' बसले नाहीत.

अमरेशने सगळे नमुने कारखान्याच्या नावावर नोंदवायला टाकलेत. नोंद झाली की काकांना ते दुसऱ्या कोणाला देता येणार नाहीत. स्वतःचेच. कारखानदारांच्या संघाने एक समिती बसवलीय, २० ऑगस्टला दोघांना बोलावलंय. नमुने तुझे, हे कागदावर दाखव, असं काकांना सांगितलंय.

'मला काय भ्या न्हाय,' काका म्हणाले. 'माजी खूण हाय की त्यात. काढ तुजा डबा.'

कुठली खूण?

खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले. बोट ठेवलं. काठाच्या आत, खालून नववी ओळ, उजवीकडून तिसरा चौकोन. 'हितं. हितं एक चौकोन रंगवतो मी. एकटा. प्रत्येक ग्राफात. माज्या गुरूंनी शिकवलं, नागप्पांनी. आपली चीज दुसऱ्यानं उचलली तर कळाया पायजे. चादरीत कुणाला दिसत न्हाय. मला दिसती.'

तो चौकोन पांढरा होता. पुढचा ग्राफ. पांढरा. त्याच्या पुढचाही.

'सगळ्यात हाय,' ते म्हणत राहिले. 'तीन सोडून. ती तीन नागप्पांची. त्याच्यावर माजी खूण कशी टाकू?'

एकेक करत त्यांनी ४० ग्राफ बघितले. मी थांबवलं नाही. चहावर साय आली.

शेवटी सांगितलं. डाग म्हणून पुसले. मूळ फोटो काढून टाकले.

'आन् कागद...' म्हणाले, आणि मग त्यांनाच आठवलं.

२५ जुलै

तपासलेलं, ओळीने. रद्दीवाला: माल कधीच पुढे गेला, लगदा झाला. जुनी कार्डं: अमरेशने मोडली, छोट्या मागवाल्यांनीही वीणवरून नवी पाडून रद्दीत दिली. जुन्या चादरी: समितीचं म्हणणं, चादरीत एक धागा चुकला तर तो मागाचा दोष, खूण नव्हे. माझी साक्ष: वर्णनात मीच 'पारंपरिक' लिहिलंय, काकांचं नाव नाही. फोटो परत मिळवणं: ३० दिवसांची मुदत असते. २ जूनला काढले होते. मुदत संपून २३ दिवस झाले.

२ ऑगस्ट, शनिवार

अमरेशनी सात रस्ता चौकातल्या ऑफिसात बोलावलं. एसी, काजूकतली, भिंतीवर चनबसप्पा शेठ हार घालून. त्यांना एक माणूस हवाय. सगळे नमुने, सगळं कार्डांचं, ऑनलाइन विक्री सांभाळणारा. 'बाहेरचं माणूस कशाला, तुम्ही आपल्याच की.'
पत्र कधी मिळेल विचारलं.
'समिती होऊ दे. मग बघू.' काजूकतलीची ताटली पुढे सरकवली. 'म्हाताऱ्यानं तुमच्याकडं काही जुनं ठेवलेलं नाही ना?'
नाही, म्हटलं. खरं होतं.

कागदावर नसलेली नोकरी म्हणजे काजूकतली.

७ ऑगस्ट

नोकरीसाठी केलेला ६३ वा अर्ज परत आला. 'पाच महिन्यांचा खंड' कसा ते विचारलंय. वीणचा दुवा दिला होता. कोणी उघडलेला नाही. उघडला की मला कळतं.

११ ऑगस्ट, सोमवार

सापडलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चुका शोधायला म्हणून प्रोग्रामला सांगितलं होतं, जे पुसशील ते लिहून ठेव. बंद करायला विसरले. दुसऱ्याच फोल्डरमध्ये एक फाइल पडून होती. प्रत्येक ग्राफचा नंबर, पुसलेल्या चौकोनाची ओळ, रकाना, वेळ. तारीख २ जून, ऑनलाइन साठवणीने टाकलेली. म्हणजे भांडणाच्या आधीची. कोणी मागून बनवली असं म्हणायची सोय नाही.

डाग कुठेही पडतात. नववी ओळ, उजवीकडून तिसरा चौकोन, एवढंच वेगळं काढलं.

३०९ ओळी. तीन ग्राफांत नाही.

दोनदा मोजून बघितलं. म्हाताऱ्याने तीनचा आकडासुद्धा बरोबर सांगितला होता.

सगळं छापून घेतलं. अकरा पानं. उद्या देऊन येते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी गेले. काका खिडकीशी, मांडीवर फळी, नवा चौकोनी कागद. आठवून आठवून परत काढतायत. अठरा दिवसांत चार झाले. हात कापतो, रंग चौकोनाबाहेर जातो. समिती हे धरणार नाही, त्यांनाही माहीत आहे.

'ये पोरी. तुजी चूक न्हाय. मशीनला काय कळतंय, डाग कुटला आन् खूण कुटली.'

बॅगेच्या चेनला हात घातला होता.

तेवढ्यात त्यांच्याकडे बसलेल्या शरणप्पांनी विचारलं, ही कोण. शरणप्पा म्हणजे आमच्या मावशींच्या शेजारचे. काका म्हणाले, 'आमची धना. पुण्याच्या कंपनीनं काढून टाकली हिला. रडत आली हुती. म्हनलं बस माज्याकडं, काम देतो. मीच कामाला लावली.' प्रेमानेच बोलले. शरणप्पांनी मान हलवली, 'अरेरे.' आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

मी रडले नव्हते.

काकूंनी भाकरी-शेंगाचटणी पुढे ठेवली. अर्धी खाल्ली. काकांनी विचारलं, 'काय काम हुतं गं?'
सहज आले होते, म्हटलं.
घरी आले तेव्हा आईला मावशींचा फोन येऊन गेला होता. आई ओट्याकडे तोंड करून उभी. 'तुला एक गोष्ट पोटात ठेवता आली नाही,' म्हणाली.

बॅग तशीच खुंटीला आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळी ९.५० ला पाठवलेला मजकूर, जसाच्या तसा:

'श्री. अमरेश, २ तारखेला तुम्ही जुन्या पुराव्याबद्दल विचारलं होतं. तेव्हा नव्हता, आता आहे. ३०९ ग्राफांवरची सिद्धलिंगप्पांची खूण कुठे होती त्याची नोंद, जूनच्या तारखेसह. एक पान सोबत जोडलं आहे. बाकीची दहा अजून कोणाला दाखवलेली नाहीत. मला नेमणुकीचं पत्र हवं, सहीशिक्क्यासह, समितीच्या आधी. ते मिळालं तर फाइल माझ्याकडे राहणार नाही, कोणाकडेच नाही. नाही मिळालं तर ती सिद्धलिंगप्पांकडे जाईल. कृपया शनिवार, १६ ऑगस्ट, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यावे.'