पाय धुऊन येणारा भाडेकरू

३ फेब्रुवारी, सोमवार

सलिलचा फोन. पाऊण तास! "आई, किहीमला एवढ्या वाडीत तू एकटी. परत पडलीस तर?"

डिसेंबरात विहिरीपाशी घसरले, हे खरं. दोन तास तिथेच पडून होते, हेही खरं. मासे घेऊन वेणूबाई आली म्हणून निभावलं. पण म्हणून काय मी पुण्याला सातव्या मजल्यावर जाऊन खिडकीतून पार्किंग बघत बसू? मेले तरी नाही!

शेवटी तह झाला. मागच्या घरात बारा महिने राहणारं चांगलं बिऱ्हाड पाडव्याच्या आत आलं, तर मी इथेच. नाही आलं, तर घराला कुलूप आणि पुणं.

"तुला माणसं पारखता येतील?" म्हणे. मला! एकतीस वर्षं गणित शिकवलं. जूनच्या पहिल्या तासाला सांगायचे, कोण कॉपी करणार ते.

५ फेब्रुवारी

एजंट कमलेश येऊन गेला. त्याला निक्षून सांगितलं — दारू पार्टीवाले नकोत, शनिवार-रविवारवाले नकोत, सबबी सांगणारे तर मुळीच नकोत.

माझी खरी परीक्षा मात्र त्याला सांगितली नाही. फाटकातून आत आलं की वाटेतच विहीर, विहिरीशी दगडी डोण, डोणीवर तांब्या. किनाऱ्याची वाळू इथे सगळ्यांच्याच पायांना असते. सासूबाईंचा दंडक होता, पाय धुतल्याशिवाय पडवीत कुणी चढायचं नाही. मी आपली झोपाळ्यावर बसून बघणार. न सांगता जो पाय धुतो, तो घर नीट ठेवतो. इतकं सोपं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

मुंबईची दोन पोरं आली. लॅपटॉपवाली. डोणीपाशी थांबली, सरळ पाय धुतले! हल्लीच्या पिढीला उगाच नावं ठेवतात. सगळ्यांना देते तसं कोकम सरबत दिलं. एकाने ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "आंटी, म्युझिक किती वाजेपर्यंत चालेल?"

सरबत संपवा आणि निघा म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मिळालं बिऱ्हाड!

ऋत्विक आणि मैथिली. नवराबायको, दोघं घरूनच काम करतात. काय पाय धुतले, वा! टाचासुद्धा घासल्या. उरलेलं पाणी अबोलीला घातलं, तेव्हा तर मी झोपाळाच थांबवला. दोघांना दोन-दोन ग्लास सरबत झालं. मैथिली म्हणाली, "काकू, इथे किती शांत वाटतं हो." गोड आहे पोरगी. करार पुढच्या आठवड्यात.

२० फेब्रुवारी

वेणूबाईचा लकडा. "बाय, ह्यो माणूस बघच. लय गुणाचा हाय. अलिबागला तिसऱ्या माळ्यावं ऱ्हातो, तुझं घर जमिनीला लागून हाय, त्याला बरा पडंल."

ती म्हणते म्हणून येऊ दे म्हटलं. आज भर दुपारी आले. नजमुद्दीन म्हणून, साठीचे, आखातात नोकरी केलेले. सोबत बायको, खतिजा. बाईने पाय धुतले. हा गृहस्थ मात्र डोणीकडे न बघता सरळ पडवीत! बूट घालून!! माझ्या सारवलेल्या पडवीत वाळूचे शिक्के.

घर दिलं गेलंय, म्हणून सांगितलं. (अजून सही व्हायची आहे, पण दिल्यातच जमा.) पाच मिनिटांत वाटेला लावलं; जाता जाता घर बाहेरूनच बघून गेले.

शेजारची गौरी कुंपणावरून बघत होती. "काकू, मुसलमान म्हणून नाही म्हणालात का हो?" छे! काहीतरीच. माझी परीक्षा पायांची. तिथे बाकी काही चालत नाही.

२४ फेब्रुवारी

ऋत्विकने सह्या केल्या. चावी दिली. एक मार्चपासून येतात. सलिलला फोन करून म्हटलं, "पुण्यातली ती खोली आता दुसऱ्या कुणाला दे." हसला. मीही हसले. जिंकले मी.

८ मार्च, शनिवार

सकाळी फाटकात एक गाडी. त्यातून सहा माणसं, तीन बॅगा, एक स्पीकर. "सी-ब्रीझ कॉटेज हेच ना? ऑनलाइन बुक केलंय."

सी-ब्रीझ! माझ्या मागच्या घराचं बारसं करून मोकळे! ऋत्विक-मैथिली आठ दिवसांत फिरकले नव्हते. मला वाटलं सामान बांधताहेत. ते मुंबईतच. माझं घर रोजच्या भाड्याने देत सुटलेत.

फोनवर ऋत्विकला असा सोलला की गौरी घरातून बाहेर आली. संध्याकाळी चावी आणून ठेवली त्याने. मुकाट. जाताना परत पाय धुवायला वाकला, तेव्हा तांब्याच काढून घेतला हातातून.

१० मार्च

कमलेशला बोलावून झाडला. तोही शहाणा. "काकू, रागावू नका, पण पाय धुवायचं मीच सांगतो ना सगळ्यांना. फाटकाबाहेरच. तुमची डोण अख्ख्या किहीमला माहितीये. पाय धुतले नाहीत तर काकू घर देत नाहीत, हे पोरंसोरंही सांगतील."

एकतीस वर्षं कॉप्या पकडल्या आणि इथे पेपर फुटलेला! आधी राग आला, मग एकटीच हसत सुटले. इतकी हसले की ठसका लागला.

मग आठवलं. एक माणूस कमलेशकडून आलाच नव्हता.

११ मार्च

वेणूबाईला विचारलं, तुझा तो नजमुद्दीन असा कसा ग, बूट घालून पडवीत चढतो?

टोपली खाली ठेवून बघत राहिली माझ्याकडे. "त्याचा डावा पाय लाकडाचा हाय न्हाय का, बाय. दुबईला यंत्राखाली गेला. वरून बूट घट्ट बांधतो. तुला म्हाईत न्हाय?"

मला कसं माहीत असणार! मी पायाकडे बघत होते, माणसाकडे नाही. लाज वाटली. स्वच्छ लाज वाटली.

१२ मार्च

अलिबागला जाऊन आले. स्वतः. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी दोनदा थांबले, तो माणूस हे रोज चढतो.

सरळ माफी मागितली. पायांची सगळी गोष्ट सांगितली, काही राखून ठेवलं नाही. नजमुद्दीनभाई इतके हसले! "बाई, सांगायचं होतंत. धुवायला एकच आहे, तो धुतला असता." मुलगी अलिना तिथेच हॉस्पिटलात नर्स आहे. ती म्हणाली, "अब्बांना अंगण हवंय, कधीपासून."

खतिजाबाई मात्र गप्प होत्या. रोजे चालू आहेत त्यांचे. तरी मी टेकते न टेकते तोच माझ्यापुढे सरबताचा ग्लास आणला. गार होता. जिने चढून घसा सुकला होता, घटाघटा प्यायले.

घर तुमचंच म्हणून आले. कळवतो म्हणाले. होकारच येणार. पाडव्याला अजून अठरा दिवस आहेत आणि एवढी माणसं मला आता कळतात.

१४ मार्च

खतिजाबाईंचा फोन. आवाज अगदी शांत. "बाई, पायांचं काही नाही, यांनी ते सोडून दिलं. पण त्या दिवशी चोंढी नाक्यापासून आम्ही चालत आलो होतो. भर उन्हात, ह्यांच्या त्या पायाने. तुम्ही पाणीसुद्धा विचारलं नाहीत."

फोन ठेवून ही वही मागे उलटली. नऊ तारीख — सरबत. त्या म्युझिकवाल्या पोरांनासुद्धा. सोळा तारीख — दोन-दोन ग्लास. वीस तारखेला सरबत नाही, पाणी नाही. नुसतं "छे! काहीतरीच" आहे, माझ्याच अक्षरात. खतिजाबाईंनी तर पाय धुतलेही होते.

रविवारी येताहेत दोघं. घर बघून झालंय म्हणाल्या, आता तुम्हाला बघायला येतो.