मापाची बाटली

३ फेब्रुवारी
सव्विसावं रसायनही नापास! अभिनंदन, ऋतुजाबाई.

पेशीच्या पडद्याला दोन पदर. आतल्या पदरातली ठरावीक चरबी एक प्रथिन बाहेर ढकलतं, मग रक्त गोठतं. त्या प्रथिनाला अडवणारं रसायन शोधायचं — एवढंच माझं काम. चरबी बाहेर आली की पेशी हिरव्या चमकतात. दोन वर्षं रोज चमकतायत. रोज दिवाळी!

गाइड सोमेश सर म्हणाले, "तेरा तारखेला समिती आहे. काही निघालं नाही तर पीएच.डी. विसरा." किती प्रेमळ माणूस.

८ फेब्रुवारी
रविवार. वैरागजवळ, घरी. प्रयोगाला रक्त आमच्याच मेंढ्यांचं. विद्यापीठाला फुकट — माझी निवड गुणवत्तेवरच झाली असणार! मागच्या खेपेला लॅबची बाटली इथंच विसरले होते. कोनाड्यात होती, स्वच्छ. गुरांच्या डॉक्टरांनी काढलेलं रक्त तिच्यातच भरलं.

९ फेब्रुवारी
कहर! कुठलंही रसायन न घातलेल्या पेशीसुद्धा चमकत नाहीत. काल आणलेलं सगळं रक्त वाया. सर म्हणाले, "साधं रक्त आणता येत नाही?"

१० फेब्रुवारी
अप्पांना फोन. बाटलीचं काय केलंत?

"काय न्हाय की. आकडे लई झ्याक हायत तिच्यावर. मेंढरांला जंताचं औषध मापून पाजलं. तीनदा धुतली की!"

माझं डोकं फिरलं. "अडाणी ते अडाणीच!" मी म्हणाले. अप्पा नुसतं "बरं" म्हणाले. दोन वर्षांत एवढं तरी शिकले मी — बापाला अडाणी म्हणायला.

१२ फेब्रुवारी
अप्पांनी येष्टीच्या कंडक्टरकडं औषधाचा डबा पाठवलाय. आत चिठ्ठी, आईच्या अक्षरात — "सायबाला दाखीव. म्हनावं चूक पोरीची न्हाय, बापाची हाय."

रडले. खूप रडले. मग डब्याकडं बघत बसले आणि ट्यूब पेटली. पेशी चमकल्या नाहीत म्हणजे चरबी बाहेर आलीच नाही. अडवली कुणी? या औषधानं? मोठी शास्त्रज्ञ मी, तीन दिवस लागले!

१३ फेब्रुवारी
मागच्या खेपेचं थोडं चांगलं रक्त उरलं होतं. पहाटेच त्यात मुद्दाम जंताचं औषध घातलं. चरबी आतल्या आत! चारदा केलं, चारदा तेच. समितीनं वर्ष वाढवून दिलं. सर सगळ्यांना सांगतायत, "आमचा शोध." असू दे.

अप्पांना तीनदा फोन लावला. उचलत नाहीत.

१४ फेब्रुवारी
आईनं उचलला. "मेंढरांमागं गेल्यात. तू घिऊन दिल्याला फोन घरीच ठिवून जात्यात आता. म्हणत्यात, पोरीला सांग, तिच्या कशाला परत हात लावायचा न्हाय मी."