ज्या घरी मी गेले

२ फेब्रुवारी १९३४
आले एकदाची या गावात! कोळशाच्या खाणीची काजळी सगळीकडे, पण उंबरे मात्र घासूनपुसून पांढरेशुभ्र. नवी सुईण सायकलवरून येते म्हणून सारी गल्ली दारात उभी. घरमालकीण बेननमावशींनी गरम पावावर लोणी थापत विचारलं, "एवढीशी तू, बाळं कशी काढणार गं?" त्यांची लेक ऑल्वेन पोट धरून हसली. तिचे मार्चअखेरीस दिवस भरतील. टेग्वेन, तूच हवीस मला, असं तिने आजच बजावलंय.

११ फेब्रुवारी
मेयर प्रॉसरला मुलगा झाला. माझा इथला पहिला! घाबरली होती बिचारी. मी तिच्यावर वाकून, गालाला गाल लावून धीर देत राहिले.

१५ फेब्रुवारी
मेयरला हुडहुडी भरलीय, पोट फुगलंय. डॉक्टर रीस म्हणाले, बाळंतज्वर.

१८ फेब्रुवारी
मेयर गेली. नवरा खाणीतून तसाच धावत आला होता. काळ्या हातांनी बाळाला घ्यायला धजेना. मी त्याचे हात धुऊन दिले.

२६ फेब्रुवारी
नेस्टा हॉपकिन, काल माझ्याच हातून बाळंत झालेली. तिलाही ताप. हात औषधात बुडवून बुडवून माझी कातडी सोलली आहे. एप्रन उकळले. मग कुठून येतंय हे?

३ मार्च
नेस्टाही गेली. एक पोटुशी बाई दारातूनच म्हणाली, "रागावू नका बाई, पण इथे नका येऊ."

७ मार्च
डॉक्टरांनी माझ्या घशातून कापसाचा बोळा फिरवला. नमुना तपासायला कार्डिफला गेला.

१२ मार्च
त्या तापाचे जंतू माझ्याच घशात आहेत. मला साधा खोकलासुद्धा नाही. हात नव्हते ते — श्वास होता. ते वाकून धीर देणं —
काम बंद. उद्याच्या गाडीने जायचं. ऑल्वेन दाराबाहेरून म्हणते, "तोंड तरी दाखव गं." मी कडी काढली नाही.

१३ मार्च, सकाळ
बर्फ. गाडी नाही. डॉक्टर डोंगरापलीकडे अडकलेत. आणि ऑल्वेनला कळा — इतक्या लवकर —
मावशी दार बडवतायत. मी आतून ओरडून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. पण बाळाचा पाय बाहेर आलाय, पोरी. तू नाही आलीस तर दोघं आत्ताच जातील."

तोंडावर कापड बांधलंय. चार पदरी. वाकायचं नाही. बोलायचं नाही, एक शब्दही —
पलीकडच्या खोलीत ऑल्वेन माझं नाव घेऊन रडतेय. काहीतरी बोल म्हणतेय. आणि मी ओठ मिटून कडी काढतेय —