आग्रहाच्या घरातली नात

माय, तुला पणती झाली आहे, आणि तुझ्या स्वयंपाकघरात तिचं एक दिवसही निभावलं नसतं. रागावू नकोस. तुझ्या चुलीपुढं जेवायला बसलेल्या माणसाला काही मागावं लागलं, असं कधी झालंच नाही. मुखेडच्या बाजाराला आलेला पाहुणा असो की शेतातून बाबांबरोबर आलेला गडी, पहिली भाकर संपायच्या आत दुसरी ताटात पडलेली असायची. पुरे म्हणणाऱ्याला तर तू मुद्दाम जास्त वाढायचीस. ‘लाजून राहिलाय त्यो, वाढ गं,’ असं मला सांगायचीस. माणसाला मागायला लावणं म्हणजे त्याचा अपमान, हे मी तुझ्याकडून शिकले आणि तेच घेऊन नांदेडला नांदायला आले. माझा लेक त्याच पद्धतीत वाढला. त्याची मुलगीही तशीच वाढेल असं मी धरून चालले होते.

पोरगी तीन वर्षांची होत आली तरी बोलेना. हाक मारली तर वळून बघेना. दाराची कडी हलवत बसली की तिथून उठायची नाही, उठवलं तर जमिनीवर अंग टाकायची. डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं, मराठीत स्वमग्नता म्हणतात त्याला. मी मनात म्हटलं, बोलतात काही लेकरं उशिरा, एवढं काय त्यात. पण त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिचा कान दुखला, आणि कान दुखतोय हेच आम्हाला कळलं नाही. ती भिंतीला डोकं घासून रडत होती आणि आम्ही कधी दूध पुढं करतोय, कधी खेळणं, कधी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतोय. कानातून पू आला तेव्हा उलगडा झाला. दवाखान्याच्या बाकड्यावर तिला मांडीवर घेऊन बसलेली सून मला म्हणाली, “आई, आज आपण हावोत. उद्या हिला काय दुखतंय ते ही कुणाला आन् कसं सांगंल?” मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार होते?

मग घरी येऊन शिकवणाऱ्या एक ताई मिळाल्या. मूळच्या लातूरच्या, वयानं सुनेएवढ्याच. पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलं काहीच नाही, कोपऱ्यात बसून आमचं घर बघत राहिल्या. जाताना म्हणाल्या, “आजी, तुमचं घर लई मायाळू हाय. लेकराला काहीच मागावं लागत न्हाई.” मी खूश होऊन त्यांना चहाचा आग्रह केला. ते कौतुक नव्हतं, हे सुनेनं मला संध्याकाळी समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात उलटा कारभार सुरू झाला. पोरीला कोरडे मुरमुरे फार आवडतात. ते सुनेनं आरपार दिसणाऱ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरले आणि बरणी पुढ्यात घेऊन चटईवर बसली. पोरगी बरणी बघते, झाकण ओढते, चिडते. सून नुसती वाट बघते. शेवटी पोरीनं आईचा हात धरून झाकणावर ठेवला. तेवढं मागणंही मागणंच म्हणे. लगेच तिला शाबासकी, गुदगुल्या, आणि हातावर चार मुरमुरे. मला राहवलं नाही. “अगं, कोंबड्यांलाबी मूठभर टाकतो आपण. लेकराला चार दाणे देऊन राहिलीस?” सून मान न वळवता म्हणाली, “मूठभर दिले तर परत कशाला मागंल ती, आई?”

माय, माझ्या या सुनेचा चिवटपणा तू बघायला हवा होतास. नवऱ्याला भोकरच्या बसला वेळेवर डबा देऊन ती दिवसभर पोरीसाठी मागण्याच्या जागा तयार करत असते. एकच चप्पल घालते आणि थांबते. झोका देता देता मध्येच धरून ठेवते. पोरगी कंटाळली की सगळं बाजूला ठेवून तिला गच्चीवर घेऊन जाते, आणि खाली आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. माझा मात्र चढायचा, तुझीच ना मी. किती दिवस नुसता हातच ओढला पोरीनं, मग ‘मु’ आलं, आणि पुढं एका सकाळी चक्क ‘दे’. त्या सकाळी माझी भाकर तव्यावर जळली.

‘दे’ रुळल्यावर ताई म्हणाल्या, “आता ‘नको’ म्हणायला शिकवायचं. आन् तिनं ‘नको’ म्हटलं की घरातल्या सगळ्यांनी ऐकायचं. दामटून दिलं तर त्या शब्दाचा तिला काय उपयोग?” ‘सगळ्यांनी’ म्हणताना ताई आणि सून दोघीही माझ्याकडं बघत होत्या. पोरीला दही सहन होत नाही. बोटाला लागलं तरी ती ताट उलथून टाकायची. म्हणून सून दह्याचा चमचा लांबूनच दाखवायची, तिचा तळहात ताटावर आडवा धरायची, स्वतःच ‘नको’ म्हणायची आणि चमचा ताबडतोब मागं न्यायची.

आज दुपारी वाढायला मी होते. सवयीनं माझा चमचा तिच्या ताटावर गेला. तिनं वर बघितलंही नाही. ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, “नको.” स्पष्ट. सुनेच्या हातातला घास हातातच राहिला. मला तू आठवलीस, पाहुण्याच्या आडव्या हाताच्या बोटांमधून तूप सोडणारी. मी दही वाडग्यात परत टाकलं आणि म्हणाले, “बरं बाई, नको तर नको.” हे वाक्य मी जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. सून ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, “सांगितलं की हो आई तिनं. आता दुखलं-खुपलं बी सांगंल.”

पाठवायचं म्हटलं तरी हे पत्र टाकायचं कुठं? आणि तुला मिळालं असतं, तर तू मिळेल त्या बसनं नांदेड गाठलं असतंस आणि हातपाय धुवायच्या आधी पणतीच्या ताटात दही वाढायला गेली असतीस. तिनं तुलाही नको म्हटलं असतं. खरं सांगू? मीच तुझा हात धरला असता, आणि तुला पहिल्यांदा कुणीतरी परतवलेलं बघून मला फार बरं वाटलं असतं.