तुळशीतलं अर्थिंग

२ मे
पुण्याहून लेकीचा, शुभांगीचा फोन. एकोडीत नेट नीट असेल तर नातीला घेऊन महिनाभर राहीन, इथूनच ऑफिसचं काम करीन म्हणाली. नसेल तर दोन दिवसांत परत. म्हटलं, ये. जवाहरनगरच्या फॅक्टरीत जन्मभर स्टोअर सांभाळलं, एक नेट सांभाळणार नाही?

५ मे
साकोलीहून नेटची डबी आणली. छतावर पाइपाला बांधली. ती टॉवरवरून नेट ओढते आणि तिची वीजही नेटच्याच वायरमधून वर चढते. डबीवर २४ व्होल्ट लिहिलंय. सोबतचा अडाप्टर मरतुकडा. घरातला जुना ४८ चा लावला. जास्त पॉवर, जास्त स्पीड.

५ मे, संध्याकाळ
जळका वास आला आणि डबी गेली. आजकालच्या मालात दमच नाही. किळस येते.

७ मे
दुसरी डबी. या वेळी २४ चाच अडाप्टर, माझी शिफारस. शेजारचा परसराम कुंपणावरून अक्कल शिकवून गेला. डबीजवळ एक अन् घरात एक सर्ज प्रोटेक्टर लावा, त्याले अर्थिंग द्या, जमिनीत लंबा रॉड ठोका, नाहीतर वीज कडाडली का डबीगिबी सप्पा जाते म्हणे. प्रोटेक्टर लावले. रॉड नाही. अंगण मुरमाचं, या उन्हात पहार कोण मारणार? अर्थिंगला हवी ओली माती. मे महिन्यात ती एकाच जागी, आमच्या तुळशीत. बायको, रुखमिणी, रोज लोटाभर पाणी घालते. हिरवी वायर तिथेच पुरली. असं डोकं लागतं.

८ मे
नेट सुसाट. रुखमिणीचं तोंड वाकडं. तुळशीमायमंदी करंट काहून सोडला म्हणते. समजावलं की हा करंट नव्हे, अर्थिंग आहे, आणि तुझ्या इतक्या वर्षांच्या पाण्याचा आत्ता कुठे उपयोग झाला. तिने बॅग भरली. दुपारच्या एसटीने लाखांदूरला, भावाकडे. जाताना एवढंच बोलली की तुळशीले पानी घालजा.

११ मे
वेळेवर चहा नाही, जेवण नाही. वीट आला. तुळशीला पाणी? ते बाईमाणसाचं काम. परसराम बघतो. मी लोटा घेऊन फिरणार नाही.

१५ मे
शुभांगी आणि नात आल्या. नेट बघून शुभांगी म्हणाली, बाबा, कमाल केली. मी नम्रपणे गप्प राहिलो. आई घरी नाही म्हणून जरा हिरमुसली. नात विचारते, आजोबा, तुळशीची पानं का पडली? म्हटलं, उन्हाळा.

१७ मे
दुपारी आभाळ काळंकुट्ट. वायर काहाडा म्हणून परसराम ओरडला. शुभांगीची मीटिंग चालू होती. म्हटलं, चालू दे, आपल्याकडे अर्थिंग आहे. पावसाच्या आधीच तलावाच्या पाळीवर वीज पडली. डबी गेली, राऊटर गेला, वायर लावलेला शुभांगीच्या ऑफिसचा लॅपटॉपही गेला. माणसं सुखरूप. शुभांगी हिरव्या वायरच्या मागोमाग तुळशीपर्यंत गेली, मातीत बोट घातलं. भुकटी. माझ्याकडे बघितलं.

१८ मे
गेल्या. नातीने महिनाभराची खेळणी आणली होती, अर्धी पिशवी उघडलीसुद्धा नाही. सगळं त्या विजेने केलं. विजेची शिसारी आली.

२० मे
रुखमिणीचा फोन. शुभांगी गेल्याचं तिला ठाऊक आहे. तुळशीमाय कशी हाय, एवढंच विचारलं. म्हटलं, टवटवीत.
मग अंगणात गेलो. नुसती काडी उभी आहे. वायर उपटली, लोटाभर पाणी घातलं. परसराम कुंपणावरून बघत होता. बघू दे. ती यायच्या आत पालवी फुटणार, नक्की.